पाच वाजून चाळीस मिनिटं

शनिवार, ७ एप्रिल १९७३. संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी खडकी छावणीतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये कर्ण्यावरून पाच जजांचा कौल सांगितला गेला. रिंगमध्ये रेफ्रीनं दोन्ही मुष्टियोद्ध्यांची मनगटं धरली होती. लाल कोपऱ्यातल्या देशराजचा हात वर गेला. निळ्या कोपऱ्यातल्या बबन तिकोनेचं मनगट रेफ्रीनं सोडून दिलं. तीन विरुद्ध दोन.

टाळ्या पडल्या त्या पुढच्या दोन रांगांतून. तिथं खुर्च्या होत्या. मागच्या बाकांवर सहा-सातशे माणसं होती. ती आधी गप्प राहिली. मग एक चप्पल येऊन रिंगमध्ये पडली, तिच्यामागोमाग दुसरी.

देशराजचा उजवा डोळा पार मिटला होता. तो तिकोनेकडे वळला, त्याच्या छातीला ग्लोव्ह लावून म्हणाला, "मेरी समझ में भी नहीं आया, भाई."

मी दोरांपासून चार हातांवर बसलो होतो. मला ते स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ते वाक्य नव्हतं, कारण मी ते लिहिलं नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मुंबईच्या एका दैनिकासाठी पुण्याहून खेळाच्या बातम्या पाठवत होतो. आमचे वृत्तसंपादक म्हणत, "करंदीकर, नाव चुकलं तर खुलासा छापता येतो. वेळ चुकली तर बातमीच खोटी." त्यामुळे हातात पडेल त्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं वेळ टाकायची मला सवय होती. अजूनही आहे.

लाइटवेट म्हणजे साठ किलोचा गट. त्या चार-पाच वर्षांत या एका गटात देशात जेवढे चांगले लोक होते तेवढे नंतर मी कधी पाहिले नाहीत. सैन्यातले तिघं, रेल्वेतले दोघं, कलकत्त्याचा एक डावखुरा, आणि आमच्या पुण्यातले दोघं. कुठल्याही दुसऱ्या काळात यातला सहावा माणूसही देशाकडून खेळला असता. तिकोने सहावा नव्हता. माझ्या हिशेबी तो दुसरा किंवा तिसरा होता आणि त्या संध्याकाळी पहिला होता.

पण संघात जागा एकच. तीन वर्षं लागोपाठ तो अंतिम लढतीत हरला होता आणि तिन्ही वेळा मी त्याला विचारलं होतं, काय झालं? तिन्ही वेळा त्यानं एकच उत्तर दिलं : "तो चांगला होता." त्या तिन्ही वेळा ते खरंही होतं. कारखान्यात लेथवर काम करणारा, कमी बोलणारा माणूस. वय चोवीस. पश्चिम विभाग मुष्टियुद्ध मंडळाचा नियम होता की पंचविशीनंतर नवा माणूस परदेशी जाणाऱ्या संघात घ्यायचा नाही. आजच्या विजेत्याला कोलंबोच्या स्पर्धेसाठी निवडायचं होतं. तिकोनेला पुढची खेप नव्हती.

आता त्या संध्याकाळचं आधीचं सांगतो.

मंडळाची एक पद्धत होती. आम्ही वार्ताहर बाहेरगावी ट्रंककॉलवरून बातमी सांगायचो आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान आठ वाजता बंद व्हायचं. म्हणून मंडळाच्या कार्यालयातल्या घारपुरे बाई झालेल्या लढतींचे निकाल स्टेन्सिलवर टाइप करून त्याच्या प्रती काढत. शेवटच्या दोन-तीन लढती उरलेल्या असत. त्यांच्यापुढे नुसती टिंबं. ती टिंबं आम्ही हातानं भरायची. बाईंना सहाची बस असे, त्यामुळे कागद साडेपाच-पावणेसहाला मिळे. सोयीची पद्धत होती. आम्ही सगळे बाईंचे ऋणी होतो.

त्या दिवशी वेल्टर आणि मिडल या गटांच्या लढती अजून व्हायच्या होत्या. लाइटवेटला गर्दी होणार म्हणून ती सगळ्यात शेवटी ठेवली होती.

"घ्या तुमचं पंचांग," घारपुरे बाई कागद माझ्या हातात देत म्हणाल्या. खांद्याला पिशवी, पायांत चपला, निघायच्या तयारीत. "आणि त्या तुमच्या टाइम्सवाल्याला सांगा, मागच्या खेपेला माझ्या प्रतीवर वडा ठेवून खाल्लान्. तेल माझ्या टेबलभर."

"सांगतो. बाई, हे सगळं झालेलं आहे ना?"

"मला काय विचारता? सचिव साहेबांनी लिहून दिलं ते मी टाइप केलं. दुपारपासून तिसरं स्टेन्सिल आहे हे. निघाले मी."

मी कोपऱ्यात वेळ टाकली : ५.४०. मग वाचायला लागलो. फ्लाय, बँटम, फेदर, लाइट वेल्टर, झालेल्या लढती बरोबर होत्या. वेल्टरपुढे टिंबं. मिडलपुढे टिंबं. आणि लाइटवेटपुढे टाइप केलेलं : देशराज वि. वि. बी. तिकोने, गुणांवर, ३–२.

लढत सुरू व्हायला अजून एक तास होता.

मी काय केलं ते सांगतो. मी कागदाची घडी घातली आणि हॉलच्या मागच्या बाजूला, जिथं ताडपत्री लावून कपडे बदलायची सोय केली होती, तिथं गेलो. ठरवून गेलो असं म्हणणार नाही. तिकोने बाकावर बसला होता आणि त्याचे उस्ताद, निवृत्त हवालदार रामचंद्र चिव्हे, त्याच्या बोटांना पट्टी गुंडाळत होते. चिव्हे साठीचे. पलटणीत असताना स्वतः फेदरवेटला लढलेले. नाक दोन ठिकाणी मोडलेलं. बाजाराच्या मागं एका गोदामात ते वीस वर्षं पोरांना शिकवत होते.

"या, पेपरवाले," चिव्हे म्हणाले. "कागुद आला का? आमच्या फेदरच्या पोराला किती जज दिलेत बघू. चार का पाच?"

मी कागद दिला. त्यांना टाइप केलेलं वाचायला वेळ लागे. बोट खाली सरकत गेलं. फेदरवर थांबलं, मग आणखी खाली गेलं आणि तिथंच राहिलं.

"आपला बबन अजून पट्टीच बांधतोय न्हवं?" ते हळूच म्हणाले.

"हो."

"बाईंची चूक असंल."

"असेल."

त्यांनी कागदाची माझ्यासारखीच घडी घातली, मला परत दिली आणि तिकोनेचा दुसरा हात हातात घेतला.

"काय झालं, उस्ताद?" तिकोनेनं विचारलं.

"फेदरला चारच दिले, भडव्यांनी. बोटं पसर. आणखी. काय लग्नाची मेंदी काढायला बसलाय का तू? पसर."

बाहेर पडताना ते माझ्या मागोमाग ताडपत्रीपर्यंत आले. "ह्याला बोलू नका. आत्ता न्हाय. डोक्यात शिरलं तर हात उठायचा न्हाय त्याचा." थोडं थांबून : "आन् त्यो कागुद जपून ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.

लढत सहा वाजून अडतीस मिनिटांनी सुरू झाली. देशराज उंच होता, हात लांब, सैन्यातला नावाजलेला माणूस. पहिल्या फेरीत तिकोने त्याच्या हातांच्या आत शिरला आणि तिथून हललाच नाही. डावा हात पोटाला, डावा पुन्हा पोटाला, आणि देशराजची कोपरं खाली आली की उजवा कानशिलाला. मी वहीत दोघांचे लागलेले ठोसे मांडत होतो. पहिली फेरी : तिकोने एकोणीस, देशराज अकरा. दुसरी : तिकोने बावीस, देशराज नऊ. दुसऱ्या फेरीच्या शेवटी देशराजचा डोळा सुजायला लागला होता आणि मागच्या बाकांवरून "बबन्या, रेशन संपव त्याचं!" असं ओरडणं चाललं होतं.

मधल्या एका मिनिटात चिव्हे तिकोनेसमोर उकिडवे बसले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं नाही. त्याची मान धरली आणि म्हणाले, "पाड त्याला."

"उस्ताद, मी पुढं आहे."

"पुढं-मागं काय न्हाय. पॉइंटवर न्हाय भागायचं. पाड."

"आहो, पण चाललंय ना बरोबर."

"मी सांगतोय ते ऐक! झोपव त्याला. उठलाच न्हाय पायजे."

तिकोनेनं त्यांच्याकडे कसं पाहिलं ते मला आठवतं. चार वर्षं या माणसानं त्याला उलटं शिकवलं होतं. घाई करायची नाही, हात उघडे टाकायचे नाहीत, गुण नाण्यांसारखे एकेक करून जमवायचे. आता तोच माणूस जिंकत आलेली लढत उधळायला सांगत होता. घंटा झाली. तिकोने उठला आणि उस्तादांनी सांगितलं ते करायला गेला.

त्यानं हात उघडे टाकले. लांबून उजवे फेकले. त्यातले अर्धे हुकले, आणि हुकताना त्याच्या तोंडावर देशराजचे चार सरळ ठोसे बसले, जे पहिल्या दोन फेऱ्यांत बसले नव्हते. तरीही दुसऱ्या मिनिटाला त्याचा एक उजवा नेमका बसला आणि देशराज गुडघ्यावर आला. रेफ्रीनं आठ मोजले. देशराज उठला. तो देशराज होता, उठणारच. उरलेला वेळ त्यानं मिठ्या मारून काढला. तिसरी फेरी : तिकोने चौदा, देशराज तेरा आणि एक मोजणी.

यातल्या कुठल्याही आकड्यांवरून तीन विरुद्ध दोन देशराजच्या बाजूनं येत नाही. मी तेव्हा बेरीज केली, आणि नंतर कितीदा केली त्याची गणती नाही.

सहा अठ्ठावन्नला मंडळाच्या शिपायानं आम्हा वार्ताहरांना निकालाचा नवा कागद वाटला. त्यावर वेल्टर, मिडल आणि लाइटवेट या तिन्ही गटांपुढे टिंबं होती आणि त्यांच्यावर शाईनं निकाल भरले होते. म्हणजे कुणीतरी आधीचा कागद पाहून दचकलं होतं आणि त्यानं नवं स्टेन्सिल काढवलं होतं. शिपाई म्हणाला, "बाईंच्या कागदात चुका आहेत म्हणे. ते परत मागितलेत साहेबांनी." बाकीच्या तिघांनी आपापले कागद काढून दिले. त्यांनी ते वाचलेही नसावेत. मी म्हणालो, माझा बाहेर गाडीवर राहिला. तो माझ्या पँटच्या खिशात होता. नवा कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला.

हे करताना मला वाटत होतं की मी बरोबर वागतोय. म्हणून तर लपवला.

चिव्ह्यांनी लेखी तक्रार सात वाजता दिली. नियमाप्रमाणे अर्ध्या तासात द्यावी लागे. मजकूर त्यांनी तिकोनेकडून लिहून घेतला होता, कारण त्यांचं अक्षर लागत नसे. लिहिताना तिकोनेला पहिल्यांदा कळलं की असा कागद आहे. तो माझ्याकडे आला. चेहऱ्यावरचं रक्त तसंच होतं.

"करंदीकर साहेब, उस्ताद म्हणतात तुमच्याकडं निकाल आधीच टाइप केलेला होता. खरं का?"

तेवढ्यात आतून शिपायानं हाक मारली, "मुंबई पेपर! साहेब बोलावतात."

"आत सांगतो," मी म्हणालो.

मंडळाचे सचिव पळशीकर यांची खोली म्हणजे एक टेबल, एक फोन, दोन कपाटं. टेबलामागं तक्रार समितीचे तिघं बसले होते : अध्यक्ष निवृत्त मेजर खर्डेकर आणि दोन सदस्य. चिव्हे उभे होते. तिकोने दाराशी. पळशीकर माझ्यासाठी स्वतः खुर्ची घेऊन आले. सभ्य, मृदू बोलणारा माणूस. आवाज चढवलेला मी त्यांना कधी पाहिला नाही.

"करंदीकर, तुमचा सव्वासातचा मुंबईचा कॉल याच फोनवर यायचाय," ते म्हणाले. "मी एक्स्चेंजला मुद्दाम सांगून ठेवलंय, उशीर करू नका म्हणून. तुम्ही इथंच बसा. आमचं दोन मिनिटांचं काम आहे."

एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. छावणीत त्या वेळी दुसरा फोन एक मैलावर होता. या खोलीतून मी सहा वर्षं बातम्या दिल्या होत्या आणि पुढची कितीतरी वर्षं द्यायच्या होत्या.

मेजर खर्डेकर म्हणाले, "हवालदार चिव्हे यांचं म्हणणं, लढतीपूर्वी तुमच्याजवळ निकालाचा कागद होता. बरोबर?"

"मंडळाचा निकालाचा कागद मला मिळाला. नेहमी मिळतो."

"दाखवता?"

मी शर्टाच्या खिशातला कागद काढून दिला.

चिव्हे पुढं झुकले. "ह्यो न्हाय. साहेब, ह्यो न्हाय त्यो. त्यात टाइप हुतं. मी ह्या बोटानं वाचलंय."

"वाचता येतं का तुम्हाला?" एक सदस्य म्हणाला आणि हसला.

"पेपरवाले, सांगा की. तुम्हीच दिलात न्हवं माझ्या हातात?"

मेजरांनी हात वर केला. "एकच प्रश्न. करंदीकर, तुम्हाला कागद किती वाजता मिळाला?"

फोन वाजला. सात वाजून चौदा मिनिटं. पळशीकरांनी तो उचलला, ऐकला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "मुंबई आहे. तीन मिनिटं मिळतील."

मी रिसीव्हर हातात घेतला. मेजर वाट पाहत होते. चिव्हे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "वेळ बघितली नव्हती."

आणि बातमी सांगायला लागलो.

त्या वाक्यात एकही आरोप नव्हता. कुणाचा बचावही नव्हता. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा ते इतकं छोटं असतं. मी फोनवर लाइटवेटचा निकाल सांगत असताना माझ्या पाठीमागं समितीनं तक्रार फेटाळली. मुंबईहून कॉपी घेणारा विचारत होता, "लढत चुरशीची म्हणू का?" मी म्हणालो, "म्हण."

खोलीतून बाहेर आलो तेव्हा तिकोने चिव्ह्यांच्या समोर उभा होता. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"जिंकत होतो मी, उस्ताद."

"बबन, माझं ऐक."

"तिसऱ्या राउंडला हात उघडे टाकायला तुम्ही सांगितलंत. आन् आता कागद काढलात. कुणी बघितला न्हाय असा कागद." त्यानं पट्टी दातानं फाडायला सुरुवात केली. "चूक झाली म्हणायचं होतं. मी काय बोललो असतो का?"

चिव्ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देईल, आणि तो हक्क त्याचा होता. ते म्हणाले, "जा, पेपरवाले. उशीर होईल तुमाला."

पुढच्या महिन्यात मंडळानं ठराव केला : निराधार आरोप करून मंडळाची बदनामी केल्याबद्दल प्रशिक्षक आर. चिव्हे यांच्यावर पाच वर्षांची बंदी. मंडळाच्या कुठल्याही स्पर्धेत त्यांना शिष्य उतरवता येणार नाही. ती बातमी मी तीन ओळींत दिली. गोदामातली पोरं दुसरीकडे गेली. देशराज कोलंबोला पहिल्याच फेरीत हरला. घारपुरे बाईंची बदली दुसऱ्या कार्यालयात झाली. त्यांना का ते कुणी सांगितलं नाही, मीही नाही. तिकोने पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. चिव्हे १९९१ साली गेले. बंदीची पाच वर्षं तेव्हा केव्हाच संपली होती, पण ठरावातले शब्द कुणी मागं घेतले नव्हते.

आता मी हे का लिहितोय ते सांगणं भाग आहे. २०१९ साली मंडळानं एक जाडजूड स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पळशीकरांचा पानभर फोटो. त्यात 'मंडळाने परतवलेली संकटे' असा एक लेख आहे आणि त्यात हे वाक्य : '१९७३ साली चिव्हे नामक एका अल्पशिक्षित प्रशिक्षकाने बनावट कागदाचा कांगावा करून निवड प्रक्रियेला काळिमा फासण्याचा प्रयत्न केला, तो पत्रकारांच्या निर्भीड साक्षीमुळे फसला.' तिकोनेचं नाव शंभर पानांत कुठंही नाही. माझं आहे. निर्भीड म्हणून.

मी स्मरणिका आणि तो कागद पिशवीत घातला आणि खडकीला गेलो. बाजारामागच्या गल्लीत तिकोने अजून राहत होता. सत्तरीचा, बारीक झालेला, पण मान तशीच खांद्यांत रुतलेली. त्यानं मला ओळखलं.

"बसा. चहा टाकायला सांगतो."

"आधी हे बघा."

त्यानं चष्मा लावला. कागद त्यानं खूप वेळ वाचला. तो दहा ओळींचाच होता.

"कोपऱ्यात हे पाच चाळीस कुणी लिहिलंय?"

"मी."

"कधी?"

"तेव्हाच. पाच चाळीसला."

त्यानं कागद उजेडाकडं धरला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या राउंडला उस्तादांना माहीत होतं."

"हो."

"पॉइंटवर देणार न्हाईत हे माहीत होतं, म्हणून पाड म्हणाले."

"हो."

"आणि मला सांगितलं न्हाई, माझा हात उठणार न्हाई म्हणून."

मी मान हलवली.

"अठरा वर्षं," तिकोने म्हणाला, "ते जिवंत होते तोवर, मी त्या गोदामाच्या बाजूनं जायचं टाळलं. एकदा बाजारात समोर आले. 'कसा आहेस बबन' म्हणाले. मी भाजी घेतली न् निघून आलो. मयतीलाही गेलो न्हाई. लोक म्हणायचे, खोटा होता म्हातारा. मी न्हाई म्हणालो न्हाई."

त्यानं कागद परत माझ्या हातात दिला, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी तुम्हाला मुंबईला फोन करायचा होता. आज कुणाला करायचाय?"

मी म्हणालो, मंडळाला लिहितो, प्रतिज्ञापत्र करतो, निकाल रद्द करायला सांगतो.

"माझा निकाल राहू द्या. तो देशराजही चांगला होता. मी सत्तर वर्षांचा झालो, मला काय कोलंबोला पाठवणार आहेत?" आता मात्र त्याचा आवाज चढला. "उस्तादांवर लिहिलंय ते काढा. खोटा म्हणालेत त्यांना. तुम्ही म्हणालात, मंडळानं म्हटलं, मी म्हटलं. ते काढा."

२०१९च्या ऑगस्टमध्ये मी प्रतिज्ञापत्र केलं. कागदाची मूळ प्रत त्याला जोडली आणि सोबत स्मरणिकेचं पान. तेरा महिन्यांनी मंडळाचं उत्तर आलं : बंदीविरुद्ध अर्ज संबंधित व्यक्तीनेच करावा, व्यक्ती मृत असल्यास वारसाने. चिव्ह्यांना मूलबाळ नव्हतं. तिकोनेनं स्वतः अर्ज केला, शिष्य म्हणून. उत्तर : शिष्य हा वारस ठरत नाही. मी पत्र लिहून विचारलं की ज्या माणसावर शिष्य उतरवण्याची बंदी घालता, त्याचा शिष्य तुम्हाला बंदीपुरताच दिसतो का? त्याला उत्तर आलं नाही. एका कारकुनानं फोनवर मला सांगितलं, "साहेब, एवढ्या जुन्या गोष्टीत आता कुणाचं काय अडलंय?" मी त्याला त्याचं वय विचारलं. एकतीस.

मग तिकोने चिव्ह्यांची पुतणी शोधायला लागला. ती त्याला दोन वर्षांनी तळेगावजवळ एका वाडीत सापडली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका खोटं बोलायचे न्हाईत, हे आमाला कुणी कागद दाखवून सांगायला नको." पण सही केली. तो अर्ज मंडळात दाखल झाल्याची पोच मिळाली आहे. त्यात मूळ कागद 'अभिलेखात समाविष्ट' असल्याचं म्हटलं आहे. मी तो पाहायला मागितला तेव्हा सांगण्यात आलं की तो कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.

तिकोने दर सोमवारी अकरा वाजता मंडळाच्या कार्यालयात जातो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. मी एकदा बरोबर येतो म्हणालो. तो म्हणाला, "तुमचं तिथं चांगलं नाव आहे. तुम्ही नका येऊ." नंतर मी विचारलेलं नाही.

गेल्या सोमवारीही तो गेला होता. अर्ज विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकाला होता. बैठकीला किमान पाच सदस्य लागतात, चारच आले, असं त्याला दुपारी सांगण्यात आलं. पुढची तारीख अजून कळवलेली नाही.